फोर्टिफाइड वाइनवरचे वार्तापत्र: विषय संपत नाहीत, वाचक का गळतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळच्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम करणाऱ्या एका गृहस्थांनी पोर्ट, शेरी, मदेरा अशा फोर्टिफाइड, म्हणजे स्पिरिट घालून कडक केलेल्या, वाइनच्या शौकिनांसाठी मराठीत मासिक वार्तापत्र सुरू केले. पहिल्या अंकाला भरभरून उत्तरे आली, पाचव्यापर्यंत ती जवळपास थांबली. इतक्या अरुंद विषयावर दर महिन्याला लिहायचे तरी काय, वाइनला गुण द्यावेत का, आयातदार देऊ करत असलेल्या फुकट बाटल्या घ्याव्यात का आणि वर्गणी कधी लावावी, असे त्यांनी विचारले असून नमुन्यादाखल तिसरा अंकही जोडला आहे. मी याच विषयावरचे वार्तापत्र बरीच वर्षे चालवत आलो आहे आणि त्याआधी इंग्लंडमध्ये वाइनच्या व्यापारात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपला तिसरा अंक मी दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, माहितीही चुकीची नाही. पण त्यात आठ वाइनची चव-टिपणे आहेत आणि त्यांतल्या बहुतेक बाटल्या महाराष्ट्रातल्या दुकानांत मिळणे जवळजवळ अशक्य आहे. ज्या वाइनचा वासही आपल्याला मिळणार नाही, तिच्यात ‘काळ्या चेरीचा गंध आणि रेशमी शेवट’ आहे हे वाचून वाचकाने करायचे काय? एकदा कुतूहलाने वाचतो, दुसऱ्यांदा चाळतो, तिसऱ्यांदा अंक उघडत नाही. विषय अरुंद असल्यामुळे वाचक गेले, असे आपल्याला वाटते आहे. माझ्या मते ते गेले, कारण अंक वाचून त्यांच्या हातून काहीच घडले नाही. म्हणून ‘लिहायचे काय’ या प्रश्नाआधी ‘वाचकाच्या घरात आज कोणती बाटली आहे किंवा येऊ शकते’ हा प्रश्न घ्यायला हवा.

याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. आपले वाचक मुख्यतः मुंबई-पुण्यातले असतील, तर त्यांच्याकडे विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानातून आणलेली एखादी टॉनी (पिपात वर्षानुवर्षे मुरलेली, फिकट रंगाची) पोर्ट, कोणीतरी भेट दिलेली गोड क्रीम शेरी आणि स्वयंपाकघरात पडलेली मार्साला ही सिसिलीची वाइन असण्याची शक्यता जास्त. परदेशातून येताना प्रत्येक प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते आणि अनेकांच्या संग्रहाचा उगम तिथेच असतो. आयात वाइनवर दीर्घकाळ १५०% सीमाशुल्क राहिल्यामुळे दुकानात जाऊन सहज घेऊन पाहावे, अशी ही वस्तू इथे कधी झाली नाही. वाचक लंडन, लिस्बन किंवा मेलबर्नमधले मराठी लोक असतील, तर चित्र उलटे होते. त्यांना सगळे मिळते, पण कशापासून सुरुवात करावी ते कळत नाही. दोन्ही प्रकारचे वाचक असतील, तर अंक पहिल्यांसाठी लिहावा आणि दुसऱ्यांसाठी प्रत्येक लेखाच्या शेवटी एक परिच्छेद जोडावा. उलट केले, तर पहिले वाचक जातात.

आता मुख्य मुद्दा. साध्या वाइनवर लिहिणाऱ्याला मळा, द्राक्षाची जात आणि हंगाम यांचा आधार असतो. फोर्टिफाइड वाइनमध्ये त्याहून मोठा विषय आहे तो काळ आणि त्या काळात माणसाने केलेली निवड: स्पिरिट केव्हा घातले, किती घातले, पिपात हवा लागू दिली की नाही, उष्णता दिली की नाही, आणि बाटलीत केव्हा भरले. या निवडींचा परिणाम वाचक घरी बसून, एकाच बाटलीवरसुद्धा पडताळून पाहू शकतो. वार्तापत्राचा प्रत्येक अंक अशा एका निवडीभोवती बांधावा, असे मी सुचवीन.

उदाहरणादाखल पोर्टचे घ्या. ‘आंबवणे मध्येच थांबवून ब्रँडी घालतात’ हे वाक्य प्रत्येक ठिकाणी सापडते आणि वाचकाच्या मनात काही उमटत नाही. तेच आकड्यांनी मांडून पाहा. पोर्ट जिथे होते, त्या पोर्तुगालमधल्या दोरो खोऱ्यातले परंपरेचे पीप ५५० लिटरचे. त्यात साधारण ४३५ लिटर आंबत असलेला रस आणि ११५ लिटर द्राक्षांचे स्पिरिट, म्हणजे आग्वारदेंत, येते. हे स्पिरिट ७७% चे असते. त्याच्यातून सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी लिटर शुद्ध अल्कोहोल आले. रस तोवर पाच-साडेपाच टक्क्यांपर्यंत आंबला असेल, तर त्याचे आणखी बावीस-चोवीस लिटर. बेरीज करून ५५० ने भागले की उत्तर २०% च्या आसपास येते आणि पोर्टच्या लेबलावर १९ ते २२ असा आकडा का दिसतो, हे वाचकाला स्वतःच्या हिशेबाने कळते. यीस्ट इतक्या अल्कोहोलमध्ये तग धरत नाही, त्यामुळे उरलेली साखर तशीच राहते. पोर्टच्या एका लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर असते, ती बाहेरून घातलेली नसून द्राक्षाचीच असते, हे अनेक वाचकांना प्रथमच कळेल. माझ्या अनुभवात असा हिशेबाचा अर्धा परिच्छेद आठ चव-टिपणांपेक्षा जास्त उत्तरे आणतो, कारण वाचक लगेच विचारतो की मग शेरी कोरडी कशी. पुढच्या अंकाचा विषय तिथेच मिळाला: शेरीत रस पूर्ण आंबू देतात आणि स्पिरिट नंतर घालतात. फिनो ही हलकी शेरी करायची असेल, तर १५% च्या जवळ थांबतात, म्हणजे वाइनच्या पृष्ठभागावर ‘फ्लोर’ नावाचा यीस्टचा पडदा जगू शकतो. ओलोरोसो ही गडद शेरी करायची असेल, तर १७% किंवा त्याहून वर नेतात, म्हणजे तो पडदा धरत नाही आणि वाइन हवेच्या संगतीत मुरते. दोन टक्क्यांच्या फरकाने एकाच पालोमिनो द्राक्षापासून दोन अगदी वेगळ्या वाइन तयार होतात.

सर्वांत जास्त जागा ज्याला द्यावी असे मला वाटते, तो विषय उघडलेल्या बाटलीचा आहे. मला येणाऱ्या पत्रांत सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न तोच: बाटली उघडली, एक पेला घेतला, आता किती दिवस चालेल? फोर्टिफाइड वाइन कधीच खराब होत नाही, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि त्यामुळे कितीतरी चांगल्या बाटल्या काचेच्या कपाटात मरतात. फिनो आणि तिच्याच जातीची, सानलूकार गावची मान्सानिया यांना पिपात फ्लोरने हवेपासून जपलेले असते. बाटली उघडताच ते संरक्षण संपते, म्हणून त्या फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवाव्यात. आमोन्तियादो, म्हणजे आधी फ्लोरखाली आणि मग हवेत मुरलेली शेरी, दोन-तीन आठवडे, ओलोरोसो त्याहून जास्त, महिना-दोन महिनेही टिकते, कारण ती आधीच हवेत वाढलेली असते. रूबी, म्हणजे ताजी लाल पोर्ट, आणि लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे एकाच हंगामाची पण पिपात जास्त वर्षे ठेवून भरलेली पोर्ट, यांना आठवडा-दीड आठवडा द्यावा. खरी, एकाच हंगामाची व्हिंटेज पोर्ट मात्र दोन-तीन दिवसांत प्यावी. ती पिपात दोन-तीन वर्षेच राहून बाटलीत हवेविना वाढलेली असते, त्यामुळे हवा लागताच तिचा उतार सुरू होतो. दहा-वीस वर्षांची टॉनी फ्रिजमध्ये कित्येक आठवडे चांगली राहते. मदेरा महिनोन्‌महिने बदलत नाही, कारण तिच्यावर उष्णता आणि हवा यांचे जे काही व्हायचे, ते बाटलीत येण्याआधीच झालेले असते.

ही यादी नुसती छापू नका, वाचकांकडून करून घ्या. एका अंकात मी वाचकांना सांगितले होते की घरात जी कोणती पोर्ट किंवा शेरी असेल ती उघडा, त्यातली थोडी एका लहान, काठोकाठ भरलेल्या बाटलीत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, थोडी मूळ बाटलीत फ्रिजमध्ये आणि थोडी बाहेर कपाटात ठेवा, आणि आठवड्याने तिन्ही शेजारी ठेवून पाहा. नागपूरच्या एका वाचकाने मे महिन्यात हा प्रयोग फिनोवर केला. कपाटातली फिनो तांबूस झाली होती आणि तिला कापलेल्या सफरचंदाच्या काळ्या पडलेल्या फोडीचा वास येत होता. काठोकाठ भरलेल्या लहान बाटलीतली अजून कोवळ्या बदामासारखी आणि खारी लागत होती. हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवले आणि मी ते पुढच्या अंकात जसेच्या तसे छापले. तो अंक इतर वाचकांनी जितका पुढे पाठवला, तितका माझा कुठलाही लेख पाठवला गेला नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ३५-४० अंशांच्या खोलीत बाटली कशी ठेवावी, यावर युरोपातल्या पुस्तकांत काही सापडत नाही. ते आपणच लिहायला हवे. व्हिंटेज पोर्ट आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. शेरी, टॉनी आणि मदेरा उभ्या ठेवाव्यात, कारण त्यांच्या टोपीच्या बुचाला वाइन लागून उपयोग नसतो, झाला तर त्रासच होतो. हे एवढे सांगितले, तरी अनेक घरांतली कपाटे बदलतील.

दुसरा न आटणारा झरा म्हणजे लेबल. वाचकाकडून बाटलीच्या पुढच्या-मागच्या लेबलाचे छायाचित्र मागवा आणि दर अंकात एका लेबलाचे वाचन करा. ‘२० वर्षांची टॉनी’ याचा अर्थ बाटलीतला प्रत्येक थेंब २० वर्षांचा आहे असा होत नाही. वेगवेगळ्या वयांच्या वाइनचे ते मिश्रण असते आणि त्याला त्या वयाचे स्वरूप आहे, असे दोरो व पोर्ट वाइनच्या पोर्तुगीज संस्थेच्या चव-परीक्षकांनी मान्य केलेले असते. लेबलावर एकच वर्ष आणि ‘कोल्हेइता’ असा शब्द असेल, तर ती एका हंगामाची टॉनी असून किमान सात वर्षे लाकडात राहिलेली आहे. अशा बाटलीवर भरल्याचे वर्षही दिलेले असते. ते वर्ष वाचायला शिकवा. कारण टॉनी बाटलीत भरल्यावर सुधारत नाही, आणि दुकानात बारा वर्षे धूळ खात पडलेली टॉनी ‘जुनी’ म्हणून जास्त किमतीला विकली जात असेल, तर वाचकाने ती ठेवून द्यावी. शेरीच्या लेबलावर कधीकधी १९व्या शतकातले एखादे वर्ष मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ते द्राक्षे तोडल्याचे वर्ष नव्हे, सोलेरा सुरू केल्याचे असते. सोलेरामध्ये सर्वांत खालच्या रांगेतल्या पिपांतून थोडी वाइन काढतात, तेवढी वरच्या रांगेतून भरतात, असे वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे एकच वय सांगताच येत नाही. वय सांगायचेच असेल, तर व्ही.ओ.एस. म्हणजे सरासरी २० वर्षांहून अधिक आणि व्ही.ओ.आर.एस. म्हणजे ३० वर्षांहून अधिक, अशी प्रमाणित खूण असते.

विषय संपतील, अशी भीती आपण व्यक्त केली आहे. वर्षाचे वेळापत्रक नजरेसमोर ठेवले, तर ती उरत नाही. ऑगस्टपासून शेरीचे स्पेनमधले हेरेस, पोर्टचे दोरो आणि अटलांटिकमधले मदेरा बेट या तिन्ही ठिकाणी पुढेमागे तोडणी सुरू होते. तोडणीच्या आधी दोरोमध्ये ‘बेनेफिसियो’ जाहीर होतो, म्हणजे त्या वर्षी किती रसाची पोर्ट करता येईल याची मर्यादा. मळ्यांना जमीन, उंची, उतार, वेलींचे वय अशा निकषांवर अ पासून पुढे श्रेणी दिलेल्या असतात आणि कोणाला किती रस पोर्टसाठी वापरता येईल, हे त्यावरून ठरते. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला या पद्धतीत किती रस वाटेल, याची कल्पना करा. तिथे शेतकऱ्याचे उत्पन्न त्या एका घोषणेवर बरेचसे अवलंबून असते. आपल्या वाचकांत बागायतदार असतील, तर हा अंक त्यांच्यासाठी काढा. वसंतात हेरेस आणि सानलूकारमध्ये फ्लोर जाड झालेली असते आणि ‘एन रामा’ म्हणजे फारशी न गाळलेली फिनो-मान्सानिया बाटल्यांत भरली जाते. काही बाटल्यांवर पिपातून काढल्याचा महिनाच छापलेला असतो. एखाद्या हंगामाची व्हिंटेज पोर्ट ‘जाहीर’ करायची की नाही, हा निर्णय सहसा दुसऱ्या वर्षाच्या वसंतात कळतो. बहुतेक मोठी घराणी दशकात तीन-चार वेळाच तसे करतात. २०१६ आणि २०१७ ही लागोपाठची दोन वर्षे व्यापक प्रमाणावर जाहीर झाली, तेव्हा त्याची चर्चा झाली ती यामुळेच.

याशिवाय इतिहासाचा भाग आहे, पण तो बेताने घालावा. १७५६ मध्ये पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोर्तुगीज मंत्र्याने दोरोची सीमा आखून दिली, १७७३ मध्ये जॉन वुडहाउस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने मार्सालाची पिपे स्पिरिट घालून इंग्लंडला धाडली, या गोष्टी कोणत्याही संदर्भग्रंथात आहेत. त्या तशाच पुन्हा सांगितल्याने अंक भरतो, वाचकाला नवे काही मिळत नाही. आपल्या वाचकाशी जोडलेला इतिहास मात्र मोकळ्या हाताने द्यावा. मदेराचे पाहा. १८व्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानकडे निघालेली जहाजे वाटेत मदेरा बेटावर थांबून वाइनची पिपे घेत. विषुववृत्त ओलांडून, महिनोन्‌महिने जहाजाच्या तळातल्या उष्णतेत हिंदकळत ही पिपे मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोहोचत आणि वाइन बिघडण्याऐवजी सुधारलेली असे. मग पिपे मुद्दाम जहाजावर चढवून, भारतापर्यंतची फेरी घडवून परत नेण्याची रीत पडली आणि त्या वाइनला ‘व्हिन्यो दा रोदा’ म्हणजे फेरीची वाइन म्हणू लागले. जहाजाची ही उष्णता पुढे जमिनीवर आणली गेली. आज साधी मदेरा टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात, तर उत्तम मदेरा माळ्यावरच्या पिपांत उन्हाच्या उबेवर वर्षानुवर्षे मुरू देतात. सर्सियाल, व्हर्देल्यो, बुआल आणि माल्मसी या चार नावांत कोरडेपणाकडून गोडीकडे जाणारी पायरी आहे. आपल्या बंदरांचा त्या चवीच्या जडणघडणीत वाटा आहे, हे मुंबईच्या वाचकाला कळले, की त्याला मदेरा परकी वाटत नाही.

गोव्याच्या ‘पोर्ट वाइन’वर आपल्याला लिहावेच लागेल, कारण आपल्या निम्म्याहून अधिक वाचकांची या विषयाशी पहिली ओळख तिच्यामुळेच झालेली असणार. गोव्याहून परतताना आणलेली ती गोड तांबडी वाइन घराघरांत पोहोचली आहे. ती दोरोची पोर्ट नव्हे, हे स्पष्ट लिहावे. युरोपीय कायद्यानुसार ‘पोर्ट’ हे नाव दोरोच्या सीमांकित प्रदेशातल्या वाइनलाच लावता येते आणि गोव्याच्या बाटलीवरचे अल्कोहोलचे प्रमाणही बहुधा कमी असते, हे लेबल वाचूनच वाचकाला दिसेल. पण तिची टवाळी करू नये. ज्या वाचकाला ती आवडते, त्याला साध्या रूबी पोर्टचा एक पेला तिच्या शेजारी ठेवून पाहायला सांगा: गोडी दोन्हीत आहे, पण रूबीत गोडीच्या मागे तुरटपणा आणि अल्कोहोलची ऊब आहे, त्यामुळे ती जिभेवर जड होत नाही. वाचकाचा तिथून पुढचा प्रवास सुरू होतो, आणि त्याला हिणवले असते, तर तो झालाच नसता.

आता चव-टिपणे आणि गुण. टिपणे पूर्ण बंद करा, असे मी म्हणत नाही. अंकात एकच वाइन घ्या, ती दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी, जेवणाबरोबर आणि जेवणाशिवाय चाखा आणि आपल्या जिभेला माहीत असलेल्या चवींनी लिहा. ब्लॅककरंट आपल्या वाचकाने खाल्लेले नाही. दहा वर्षांच्या टॉनीत खारीक, अक्रोड, सुक्या अंजिराची बी आणि गुळाच्या पाकाचा किंचित करपट वास सापडतो, पेद्रो हिमेनेस या अतिगोड शेरीत उन्हात वाळवलेल्या द्राक्षांमुळे काळे मनुके आणि काकवी, तर सर्सियाल मदेरात कैरीच्या जवळ जाणारा आंबटपणा आणि संत्र्याच्या सुक्या सालीचा कडवट गंध. हे लिहिले की वाचकाला पेल्याकडे जाताना काय शोधायचे ते कळते. पदार्थांबरोबर काय जाते, हेही आपल्याच ताटातून सांगा. फिनो सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर किंवा तळलेल्या कोळंबीबरोबर विलक्षण जमते. खारेपणा खारेपणाला भेटतो आणि तेलकटपणा धुऊन निघतो. चिक्कीबरोबर टॉनी, पुरणपोळीबरोबर बुआल. बासुंदीबरोबर मात्र मला अद्याप समाधानकारक जोडी मिळालेली नाही.

शंभरपैकी गुण देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. गुणांचा उपयोग समोर पन्नास बाटल्या असून त्यांतून एक निवडायची असते तेव्हा. आपल्या वाचकासमोर पन्नास नसतात, एखाददुसरीच असते. शिवाय फिनो आणि व्हिंटेज पोर्ट यांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही. गुणांऐवजी तीन गोष्टी सांगा: ही आता प्यावी की ठेवावी, उघडल्यावर किती दिवस राहील, आणि या किमतीला मी ती पुन्हा घेईन का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असेच द्या.

फुकट बाटल्यांचा प्रश्न आपल्या बाबतीत जास्त नाजूक आहे, कारण आपण स्वतः एका वायनरीत नोकरीला आहात. आयातदाराची बाटली घेतली, तर ती कोणाकडून आली हे त्याच लेखात, लेखाच्या वरच्या बाजूला लिहावे. शेवटी बारीक अक्षरांत नको. बाटली घेताना लिहिण्याचे वचन देऊ नये आणि छापण्यापूर्वी मजकूर दाखवू नये. मी स्वतः बाटल्या बहुतेक विकतच घेतो आणि चार-सहा वाचकांमध्ये खर्च वाटून एकत्र चाखतो. त्यामुळे खर्च आवाक्यात राहतो आणि एकाच जिभेवर अवलंबून राहावे लागत नाही. आपल्या मालकांच्या वाइनवर आपण लिहूच नये, हे पहिल्याच पानावर जाहीर करावे, आणि मालकांना वार्तापत्राची कल्पना लेखी द्यावी. मात्र आपल्या नोकरीतून मिळणारे ज्ञान, म्हणजे तोडणीच्या वेळी साखर कशी मोजतात, पिपे कशी सांभाळतात, ते वापरायला काहीच हरकत नाही. ती आपली खरी शिदोरी आहे आणि तिसऱ्या अंकात तिचा मागमूसही दिसला नाही, याचे मला वाईट वाटले.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण गांभीर्याने. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाच्या, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, कलम २४ मध्ये मद्याची जाहिरात किंवा मद्य घेण्यास उद्युक्त करणारा मजकूर छापण्यास बंदी आहे. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या कलमातला केवळ ‘प्रशंसा’ करण्यास मनाई करणारा भाग अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून अवैध ठरवला. विक्रीचा प्रस्ताव आणि जाहिरात यांवरचा भाग मात्र उरला. याचा व्यवहारातला अर्थ मी असा घेतो: वाइनविषयी मत, इतिहास, तंत्र आणि रसास्वाद लिहावा. दुकानाचा दुवा, सवलतीचा संकेतांक, ‘अमुक दुकानातून मागवा’ अशी ओळ किंवा पैसे घेऊन छापलेला मजकूर यांपासून पूर्ण दूर राहावे. वाचकांनी मिळून बाटल्या मागवण्याची टूम निघेल, तेव्हा तिच्यात वार्तापत्र म्हणून पडू नये, कारण विक्री, वाहतूक आणि बाळगण्याची मर्यादा हे सारे राज्य उत्पादन शुल्काच्या कक्षेत येते आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वय २१, कडक मद्यासाठी २५ आहे. मी नोंदणीच्या वेळीच वय विचारतो आणि २५ हीच मर्यादा ठेवतो, म्हणजे वाद उरत नाही. प्रायोजक घेण्याचा विचार असेल, तर त्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि मापाबद्दल दर अंकात एक ओळ असू द्यावी: २०% च्या वाइनचा ७५ मिलिलिटरचा पेला म्हणजे १५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. मोठ्या पेल्यात साध्या वाइनसारखी ओतलेली पोर्ट किती होते, हे त्यावरून वाचक ताडेल.

वर्गणीची घाई करू नये. मासिक अंक ठरल्या तारखेला वर्षभर निघाला, अंकामागे काही वाचक आपणहून लिहू लागले, की मग विचार करावा. तोवर दर महिन्याला न जमल्यास दोन महिन्यांनी काढावा, पण तारीख पाळावी. वर्गणी लावल्यावरही बाटली जपण्याविषयीचे आणि लेबल वाचण्याविषयीचे लेख सर्वांना खुले ठेवावेत, कारण नवा वाचक त्यांच्यामुळेच येतो. पैसे घ्यायचे ते एका वाइनवरच्या सविस्तर लेखासाठी, तोडणीच्या वार्तांसाठी आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांसाठी. नोंदणी करणाऱ्यांचे ई-मेल पत्ते कोणत्याही आयातदाराला देऊ नयेत, मागणी कितीही सभ्यपणे आली तरी.

सहाव्या अंकासाठी माझी सूचना अशी. आठही टिपणे बाजूला ठेवा. गेल्या पाच अंकांना ज्यांनी एकदा तरी उत्तर पाठवले, त्या प्रत्येकाला वैयक्तिक पत्र लिहून घरातल्या फोर्टिफाइड वाइनच्या बाटलीच्या दोन्ही लेबलांचे छायाचित्र आणि ती कधी उघडली ते विचारा. आलेल्या छायाचित्रांतून तीन बाटल्या निवडा: शक्यतो एक गोव्याची, एक टॉनी आणि एक शेरी. प्रत्येकीचे लेबल ओळीने वाचून दाखवा, ती अजून पिण्याजोगी असेल का ते कारणासह सांगा आणि त्या तीन वाचकांना ती चाखून आपले म्हणणे खरे ठरले की नाही, ते कळवायला सांगा. त्यांची उत्तरे सातव्या अंकात पहिल्या पानावर छापा, आपल्या अंदाजाच्या विरोधात गेलेली असतील तर आधी तीच.